पाणी कुठं गेलं?

कॅसलरॉकला बदली झाली म्हटलं की रेल्वेत कुणी अभिनंदन करत नाही. ‘किती दिवसांसाठी?’ एवढंच विचारतात. लोंढ्याच्या एका जुन्या स्टेशनमास्तरांनी मला निघताना सांगितलं, ‘छत्री घेऊ नका, टिकत नाही. रेनकोट मात्र दोन घ्या. एक वाळेपर्यंत दुसरा कामाला येतो.’ त्यांचं गणित थोडं चुकलंच. जुलैत तिथं दोन्ही ओलेच असतात.

गाव उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात, गोव्याच्या हद्दीला टेकलेलं. तालुक्याचं जुनं नाव सुपा. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचं धरण झालं, १९८७ साली ते उभं राहिलं, सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. उठलेली पुष्कळ घरं रामनगरात वसली. कचेरीचे कागद कानडीत, बाजाराचं बोलणं कोकणी-मराठीत, आणि रानातल्या वाड्यांवर कुणबी, गवळी, सिद्दी यांच्या आपापल्या बोली. कॅसलरॉक मात्र वसलं ते रेल्वेमुळं. मुरगाव बंदराहून निघालेली पोर्तुगीज हद्दीतली मीटरगेज लाइन १८८८ साली इथं येऊन ब्रिटिश हद्दीतल्या लाइनला मिळाली. पुढं सत्तर-पंच्याहत्तर वर्षं हे सरहद्दीचं स्टेशन होतं. सामानाची झडती, कस्टमचे शिपाई, सगळा थाट. १९६१मध्ये गोवा मुक्त झाला आणि सरहद्द गेली. घाट आहे तिथंच राहिला.

कॅसलरॉक ते कुळे हा २६ किलोमीटरांचा उतार ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की एक मीटर खाली. मुंबईच्या वाचकांना कसारा आणि खंडाळ्याचे घाट ठाऊक असतील. तेही याच चढाचे. पण तिथं तीन-तीन मार्ग आहेत. आमच्याकडं एकच. एका अंगाला डोंगर कापलेला, दुसऱ्या अंगाला दरी, मधे बोगदे, आणि करंझोळ, दूधसागर, सोनावली ही स्टेशनं, जिथं उतरून प्रवाशानं कुठं जायचं हा प्रश्नच असतो. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली तरी डोंगराचा स्वभाव मीटरगेजचाच राहिला.

मी पी-वेचा माणूस. रूळ, स्लीपर, खडी, कटिंग, गटारं, आणि ती सांभाळणारी माणसं हे माझं काम. सेक्शन इंजिनिअर म्हणून गेलो तेव्हा बरोबर डिप्लोमा होता, सपाटीवरच्या लाइनचा अनुभव होता आणि कामाची यादी करून वाटायची शिस्तशीर सवय होती. सकाळी मुकादमाला यादी द्यायची, संध्याकाळी हिशेब घ्यायचा. सपाटीवर हे चालतं. तिथं काही बिघडलं तर तासाभरात साहेब जागेवर पोचतो.

घाटात पोचत नाही. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत रात्रभर पेट्रोलिंग चालतं, म्हणजे पेट्रोलमन लाइन तपासत पायी फिरत असतो. रात्री दोन वाजता, मुसळधार पावसात, गाडी जाऊ द्यायची की थांबवायची हे ठरवणारा माणूस रेल्वेच्या उतरंडीत सगळ्यात खाली असतो. त्याच्याजवळचं सामान ठरलेलं असतं: तीन रंगांचा हातदिवा, बॅटरी, शिट्टी, काठी, डब्यात फटाके आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं पेट्रोल बुक. फटाका म्हणजे रुळावर पट्टीनं बांधायची पत्र्याची चपटी डबी. तिच्यावर चाक चढलं की बार होतो आणि ड्रायव्हरला थांबावंच लागतं. दरड दिसली तर जागेपासून ६०० मीटरवर एक फटाका आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरांच्या अंतरानं तीन, असा नियम. परीक्षेत मी तो घडाघडा लिहिला होता. पण एकेरी मार्गावर गाडी दोन्ही बाजूंनी येऊ शकते. मग आधी कुठं पळायचं? तांबडा दिवा जागेवर ठेवायचा आणि ज्या बाजूची गाडी आधी येणार तिकडं धावायचं. त्यासाठी आज कुठली गाडी किती उशिरा धावतेय हे डोक्यात पाहिजे. आणि त्याहून आधी, समोर जे पडलंय ती दरड आहे की नुसती माती उतरलीय, हे ठरवता आलं पाहिजे. तेही दिव्याच्या उजेडात, एकट्यानं.

अशा माणसाला हुकूम देऊन भागत नाही. हुकमाची सवय लागलेला माणूस अडचणीच्या वेळी वरच्याला फोन लावतो, आणि त्या घाटात बऱ्याच ठिकाणी फोनच लागत नाही. ही गोष्ट मला ज्यांच्यामुळं कळली ते आमचे मुकादम. सगळी गँग त्यांना मामा म्हणायची, मीही म्हणू लागलो. मूळ गाव धरणात गेलेलं, घर रामनगरला, नोकरीला लागले ते मीटरगेजच्या काळात. सहीपुरतं शिक्षण. बोलणं कमी, आणि जे बोलत त्यातलं निम्मं प्रश्नच.

नव्या माणसाला लाइन शिकवायची त्यांची रीत मी पहिल्याच पावसाळ्यात पाहिली. इतर मुकादम पुढं चालतात आणि दाखवत जातात: हे बघ, हे ध्यानात ठेव, इथं गेल्या वर्षी माती आली होती. मामा मागं चालायचे. नवा मुलगा पुढं. दोन-तीन किलोमीटर एक शब्द नाही. त्या दिवशीचा मुलगा गदगकडचा, नुकताच भरती झालेला, कापसाच्या काळ्या जमिनीवर वाढलेला. असा डोंगर त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. एक मोठं कटिंग ओलांडून आम्ही बोगद्याच्या तोंडाशी आलो तेव्हा मामांनी विचारलं, ‘मागच्या कटिंगात डाव्या अंगाला पाणी किती जागी होतं?’

मुलगा म्हणाला, ‘होतं की. पाच-सहा ठिकाणी असेल.’

‘पाच की सहा?’

तो गप्प. ‘जा, मोजून ये.’ पावसात तो परत गेला, मोजून आला. सहा. मामांनी मान हलवली आणि पुढं चालायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. असं काही दिवस चाललं. मुलगा वैतागला असणार, पण आता तो न विचारता मोजायला लागला होता. मग एका सकाळी तो स्वतःच थांबला. ‘आज पाचच आहेत.’

‘मग सहावं पाणी कुठं गेलं?’

पाऊस आदल्या दिवसापेक्षा जास्तच होता. पाणी कमी व्हायचं कारण नव्हतं. मुलगा कटिंगाच्या भिंतीजवळ गेला. कापलेल्या डोंगराला आधार म्हणून बांधलेल्या भिंतीत पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात. त्यातलं एक पालापाचोळ्यानं आणि चिखलानं बुजलं होतं. त्यानं काठी घातली, मग पहारीनं टोकरलं. एकदम लाल पाण्याची चिळकांडी उडाली, त्याच्या छातीवर. ती बराच वेळ लालच येत राहिली, मग हळूहळू निवळली.

त्यात किती गोष्टी होत्या पाहा. वाहणारं पाणी बंद झालं तर ते आत साठतं, मातीचं वजन वाढवतं, भिंतीला मागून ढकलतं. स्वच्छ येणारं पाणी अचानक गढूळ झालं तर आतली माती सुटायला लागलीय. म्हणजे घाटात जिथं पाणी जोरात वाहतंय तिथं एकवेळ काळजी कमी. जिथलं पाणी दिसेनासं झालं तिथं जास्त. हे पुस्तकातही आहे. पण त्या मुलाला ते पुस्तकातून किंवा मामांच्या तोंडून मिळालं नाही. मी नंतर मामांना विचारलं, पहिल्याच दिवशी सांगून का टाकलं नाही? ते म्हणाले, ‘साहेब, सांगितलं असतं तर त्यानं माझं पाणी मोजलं असतं. आता त्याचं तो मोजतोय.’

आजकाल याला कोचिंग म्हणतात. व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात आम्हाला त्याच्या स्लाइड दाखवल्या होत्या. त्यात एक माणूस दुसऱ्याला शिडीवर चढवतोय असं चित्र होतं. मला त्या चित्रापेक्षा मागं चालणारा मुकादम जास्त खरा वाटतो. मागून चालणाऱ्याला एक फायदाही असतो: पुढच्याची नजर कुठं वळते, कुठं वळत नाही, हे त्याला दिसतं. पुढं चालून दाखवणाऱ्याला ते कधीच कळत नाही.

मामांचं पाहून मी सकाळचा रिवाज बदलला. पेट्रोलमन पहाटे आपल्या बीटची फेरी संपवून घरी जायचे आणि दिवसाची गँग आठच्या सुमाराला कामाला लागायची. रात्री ज्यानं पाहिलं आणि दिवसा ज्याच्या हातात फावडं, त्या दोघांची भेटच होत नसे. पेट्रोल बुकात ‘सर्व ठीक’ एवढंच असायचं, कारण ओल्या कागदावर ओल्या हातानं त्याहून जास्त लिहवत नाही. मी दोघांना काही मिनिटं एकत्र बसवायला सुरुवात केली. चहा सेक्शनच्या खर्चानं. माझी यादी खिशात ठेवायची आणि आधी रात्रीच्या माणसांना विचारायचं: काय दिसलं? काय ऐकू आलं? काल होतं आणि आज नाही असं काय? त्या उत्तरांवरून गँग कुठं पाठवायची ते ठरे. सुरुवातीला कुणी बोलेना. साहेब विचारतोय म्हणजे कुठंतरी पकडणार, अशी समजूत. बोलकं व्हायला एक अख्खा पावसाळा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात मला प्रश्न विचारायची गरज उरली नाही. उलट ते आपापसात वाद घालायचे आणि मी चहा प्यायचो.

२००३ साली नैऋत्य रेल्वे वेगळी झाली, आणि पुढच्या भरत्यांतून पोरं लांबून लांबून यायला लागली. बिहारची, आंध्रची, विजापूर-बागलकोटकडची. त्यातली काही पदवीधर. बी.एस्सी. झालेला मुलगा बीटर घेऊन खडी ठोकतोय हे दृश्य तिथं नेहमीचं. जुन्या गँगमनना वाटायचं, हा पुस्तकी, टिकायचा नाही. पोरांना वाटायचं, या म्हाताऱ्यांना काय कळतं. आणि दोघांच्या मधे भाषेचा डोंगर. कामावरची भाषा म्हणजे सगळ्यांनाच परकी असलेली मोडकी हिंदी.

ती कोंडी वळणाच्या मोजणीत सुटली. घाटातली वळणं तीव्र. गाड्यांच्या माऱ्यानं रूळ जागचा हलतो आणि वळणाची गोलाई बिघडते. ती मोजायची पद्धत अशी: बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला २० मीटरांची दोरी ताणून धरायची आणि तिच्या मध्यावर दोरीपासून रुळापर्यंतचं अंतर पट्टीनं घ्यायचं. त्याला व्हर्साइन म्हणतात. दर दहा मीटरांवर असं वाचन. वळण चांगलं असेल तर आकडे जवळजवळ सारखे येतात. बिघडलं असेल तर वरखाली. मग रूळ कुठं आत घ्यायचा, कुठं बाहेर सरकवायचा, याचं गणित करायचं. गणिताची गंमत अशी की एका जागी रूळ १० मिलिमीटर बाहेर सरकवला की तिथला आकडा १०नं वाढतो आणि दोन्ही शेजारच्या जागांचे आकडे ५नं कमी होतात. एक ठिकाण सुधारायला जावं तर दोन बिघडतात.

मामा हे गणित करत नसत. ते रुळावर गुडघे टेकून, गाल जवळजवळ रुळाला लावून लांबवर बघायचे आणि बोटानं दाखवायचे: तिथं पोट आलंय, तिथं बसलंय. दहातल्या आठ वेळा बरोबर. मी वही त्या बी.एस्सी.वाल्या बिहारी मुलाकडं दिली. त्याला सांगितलं, आधी मामांना विचार कुठं बिघडलंय, ते लिही, मग मोज. आणि मामांना सांगितलं, हा जे मोजेल ते तुम्हाला दाखवेल, पटलं नाही तर भांडा. भांडले. पहिल्या वळणावर दोन जागी त्यांचं जुळलं नाही. पुन्हा दोरी लावली तेव्हा एका जागी मामा बरोबर निघाले; दोरी एका टोकाला रुळाच्या कडेवरून घसरली होती. दुसऱ्या जागी मुलगा बरोबर होता, रूळ झिजलेला असल्यानं डोळ्याला भास होत होता. त्यानंतर ते दोघं वळणं मिळूनच बघायचे. मुलगा मराठी शिकला ती मामांची, म्हणजे रामनगरची. पुढं तो खात्याची परीक्षा देऊन वर गेला. आजही फोनवर मला ‘काय म्हंता सायेब’ असंच म्हणतो.

या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक रात्र, आणि त्या रात्री काहीही घडलं नव्हतं. गदगच्याच त्या मुलानं, पेट्रोलिंगला लागल्यावर, वरती चाललेली एक गाडी थांबवली. फटाके लावून, तांबडा दिवा दाखवून, अगदी नियमानं. त्याला कटिंगाच्या वरून दगड गडगडल्याचा आवाज आला होता. गाडी चढावर उभी राहिली, पाऊण तास गेला. माणसं पुढं चालत गेली, लाइन पाहिली. लाइनवर काही नव्हतं. एक दगडसुद्धा नाही.

चढावर थांबलेली गाडी पुन्हा ओढून काढणं किती कटकटीचं असतं हे ड्रायव्हर मंडळींना माहीत आहे, आणि ते त्यांनी त्याच रात्री मोकळेपणानं बोलून दाखवलं. वरून खुलासा विचारला गेला. तो विचारला जाणारच. मी लिहिलं, पेट्रोलमननं नियमाप्रमाणं काम केलं. खरी परीक्षा सकाळच्या चहाला होती. मुलगा कोपऱ्यात उभा. सगळे त्याच्याकडं बघतायत. कुणीतरी एक विनोद केला असता तर ती गोष्ट कायमची संपली असती. पुन्हा त्यानं गाडी थांबवली नसती, आणि ऐकणाऱ्या दुसऱ्या कुणीही नसती.

मामांनी पेला खाली ठेवला आणि विचारलं, ‘आवाज कसा होता? एकदाच झाला का पुन्हा पुन्हा?’ मुलानं सांगितलं. कडाड असा एक, मग थोड्या वेळानं आणखी दोन. ‘चला, बघू.’ आम्ही तिघं गेलो. कटिंगाच्या माथ्यावर चढायला बराच वेळ लागला. वर बांबूचं एक मोठं बेट होतं, वाऱ्यानं त्यातले जाड बांबू मधोमध फुटून आडवे झाले होते. पोकळ बांबू पावसाळी रात्री फुटला की कटिंगात तो आवाज दगडासारखाच घुमतो. मामांनी एका अर्धवट मोडलेल्या बांबूवर भार दिला. कडाड! मुलगा ओरडला, ‘हाच.’ दुसऱ्या सकाळी त्यानं तो आवाज सगळ्या पेट्रोलमनना समजावून सांगितला: बांबू फुटला तर नुसता कडाड, दगड आला तर आधी घरंगळ आणि मागून मातीची सळसळ. ज्याची चेष्टा व्हायची तो त्या दिवशी मास्तर झाला. आणि आम्ही माथ्यावर चढलोच होतो म्हणून वरचा चर पाहून घेतला. डोंगराचं पाणी कटिंगात उतरू नये म्हणून खणलेला तो चर दोन जागी मातीनं भरला होता. गँग लावून मोकळा केला.

त्यानंतर आमच्या सेक्शनमधून येणाऱ्या खबरा वाढल्या. इथं माती उतरलीय, तिथं झाड कललंय, अमुक ठिकाणी गटार बोलत नाही. कागदावर पाहणाऱ्याला वाटावं, या सेक्शनची अवस्था फार वाईट आहे. माझी मुलगी इस्पितळाच्या व्यवस्थापनात काम करते. निवृत्तीनंतर तिला हे सांगत होतो तेव्हा तिनं हार्वर्डच्या एमी एडमंडसन या बाईंचं काम सांगितलं. नव्वदच्या दशकात त्यांनी इस्पितळांतल्या परिचारिकांच्या गटांत औषधं देण्यातल्या चुका तपासल्या. चांगल्या गटांत चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज. आकडे उलटे निघाले. चांगल्या गटांच्या नोंदींत चुका जास्त होत्या. शोधल्यावर कळलं की तिथं चुका जास्त होत नव्हत्या, उघड बोलल्या जात होत्या. वाईट गटांत त्या झाकल्या जात होत्या. १९९९ साली त्यांनी या विषयावर लिहिलेला निबंध व्यवस्थापनाच्या जगात गाजला. मामांनी तो वाचला असता तर त्यांना काही नवीन वाटलं नसतं.

गाडी चालवणाऱ्यांकडंही एकमेकांवरचा हा भरवसा थोड्या वेगळ्या रूपात असतो. बंदरातून कोळसा घेऊन वर येणाऱ्या मालगाडीला पुढं इंजिनं आणि मागून ढकलायला आणखी इंजिनं लागतात. त्यांना बॅंकर म्हणतात. पुढचा ड्रायव्हर आणि मागचा ड्रायव्हर एकमेकांना दिसत नाहीत; मधे अर्ध्या किलोमीटरची गाडी, वळणं आणि बोगदे. जोर लावायचा तो बरोबर, सोडायचा तो बरोबर. मागच्यानं नको तेव्हा ढकललं तर वळणावर डबे रुळाबाहेर जाऊ शकतात. शिट्ट्यांचे संकेत आहेत, वॉकीटॉकी आहे. पण जुने ड्रायव्हर सांगायचे की मागं कोण आहे हे कळलं की अर्धं काम होतं. कॅसलरॉकला ड्रायव्हरांच्या मुक्कामाच्या रनिंग रूममध्ये एकत्र जेवणारी जोडी घाटात शांत चालायची. ते माझं खातं नव्हे, म्हणून यावर जास्त बोलत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी, कारण कोचिंग आणि सहकार्य हे शब्द ऐकले की काही लोकांना वाटतं आता सगळं चर्चेनंच करायचं. रूळ बदलायला ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून दिलेला ठरावीक वेळ, मिळाला की चर्चा बंद. १३ मीटरांचा, मीटरला ६० किलोचा रूळ म्हणजे ७८० किलो. तो चिमट्यांत धरून उचलताना एकच आवाज देणारा असतो आणि सगळे त्याच आवाजावर उचलतात. तिथं कुणी ‘मला वाटतं’ म्हणत नाही. लुकआउटवाल्यानं शिट्टी मारली की साहेबही पहिला लाइनबाहेर. पण तो आवाज देणारा कोण, हे आमच्याकडं गँग ठरवायची. बहुतेक वेळा तो मुकादम नसे. ज्याचा सूर सगळ्यांना पाळता येतो असा एखादा असे. मामा स्वतः रांगेत उभे राहून त्याच्या आवाजावर चिमटा उचलायचे. नव्या पोरांवर याचा जो परिणाम व्हायचा तो दहा व्याख्यानांनी झाला नसता.

आणि असंही नाही की ही रीत सगळ्यांना मानवली. काहींना यादीच हवी असे. एक जण मला तोंडावर म्हणाला होता, ‘विचार करायचा पगार तुम्हाला, फावड्याचा आम्हाला.’ त्याचंही काही खोटं नव्हतं. अशा माणसाला मी रात्रीच्या पेट्रोलिंगला शक्यतो पाठवत नसे. दिवसाच्या कामात तो उत्तम होता.

आता पेट्रोलमनच्या गळ्यात जीपीएस असतं. तो कुठं आहे, किती वेगानं चालतोय हे ऑफिसात पडद्यावर दिसतं. बरंच आहे, त्याच्याही सुरक्षेसाठी. पण त्याला काय दिसलं ते त्या यंत्रात येत नाही. ते विचारावंच लागतं, आणि त्यानं सांगावं असं आपण वागावं लागतं.

डोंगर कुणाचं ऐकत नाही, हेही खरं. २३ जुलै २०२१ला दूधसागर आणि सोनावलीच्या दरम्यान दरड कोसळली आणि मंगळुरूहून मुंबईला निघालेली, कोकण रेल्वे बंद असल्यानं आमच्या घाटातून वळवलेली गाडी रुळांवरून घसरली. प्रवासी सगळे सुखरूप राहिले. पुढच्या पावसाळ्यांतही इथं दरडी आल्या. कितीही चांगली गँग असली तरी हे व्हायचं. मी निवृत्त झालो, मामा माझ्या आधी. घाट अजून एकेरीच आहे आणि दर पावसाळ्यात रात्रीचं पेट्रोलिंग तसंच चालतं.

तिथं नव्यानं बदलून येणाऱ्या तरुण इंजिनिअरांना माझी एक विनंती आहे. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस लागला की ट्रॉली शेडमध्येच राहू द्या. एखाद्या पेट्रोलमनला सांगा, आज मी तुझ्या मागं चालणार. एका स्टेशनापासून दुसऱ्या पेट्रोलमनची भेट होते तिथपर्यंत आणि परत. वाटेत सूचना करू नका, फक्त विचारा. सकाळी चहा तुमच्या पैशानं पाजा. आणि बरोबर तंबाखू-चुना ठेवा, जळवा बुटातसुद्धा शिरतात.